अंगावरचं काढायची ड्यूटी

ड्यूटी संपवून घरी आले की मी आधी युनिफॉर्मचा खिसा उलटा करते. कापसाचा बोळा निघतो, चिकटपट्टीचा तुकडा निघतो आणि दर दोन-चार दिवसांनी कुणाच्या तरी शर्टाचं बटण निघतं. बटण कुणाचं ते आठवायला गेलं की त्याच्यामागून अख्खा माणूस आठवतो, मग त्याचे नातेवाईक, मग त्यांनी घातलेला वाद. किस्से असे साठतात. मी काही ते जमवायला जात नाही. मला खरं तर आंघोळ करून झोपायचं असतं.

मी लोणावळ्यात एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत क्लिनिकल असिस्टंट आहे. म्हणजे नक्की कोण, हे माझ्या सासरच्यांना अजून कळलेलं नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही आणि मावशीही नाही. पेशंट मला सिस्टर म्हणतात, सिस्टर मला नसीम म्हणतात आणि घाईत असलेले आमचे देवकर डॉक्टर मला नुसतं "कात्री" म्हणतात.

कारण कॅज्युअल्टीत माणूस आला की पहिलं काम असतं त्याच्या अंगावरचं काढायचं. शर्ट, पँट, बूट, अंगठी, गळ्यातलं, हातातलं. जखम दिसल्याशिवाय डॉक्टर करणार काय? सरळ निघालं तर काढायचं, नाहीतर कापायचं. ही ड्यूटी माझी. आणि माणूस कितीही लागलेला असो, या कामाला तो सुखासुखी तयार होत नाही. "ताई, वाचवा" हे मी जितकं ऐकलंय, त्याच्या कितीतरी पट "ताई, फाडू नका" ऐकलंय.

त्यात आमचे हे पडले टेलर. बाजारात छोटंसं दुकान आहे. मी दिवसभर फाडते, ते दिवसभर शिवतात. लग्न ठरलं तेव्हा मी लॅबमध्ये होते, फाडाफाडीचा विषयच नव्हता. नंतर कळल्यावर ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फाडायचंच आहे तर शिवणीवरून फाडत जा. कापडाचा काय गुन्हा?"

तेव्हापासून जिवावरचं प्रकरण नसेल तर मी शिवण धरून कापते. देवकर डॉक्टर मागून विचारतात, "नसीम, फिटिंग चाललंय का?"

* * *

पावसाळ्यात शनिवार-रविवारी आमच्याकडे घसरलेली माणसं येतात. धबधब्यात घसरलेली, पायवाटेवर घसरलेली, आणि फोटो काढताना घसरलेली.

असाच एक मुंबईचा तरुण आला. गुडघा फुटलेला, घोटा सुजलेला, अंगात चिखलानं माखलेली जीन्स. मी कात्री उचलली तर तो टेबलावरच उठून बसला. "नको, प्लीज नको. ही नवीन आहे. कालच घातलीय."

मी जीन्सकडे पाहिलं. मांडीवर फाटलेली, दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली, खाली पोटरीवर नुसते दोरे लोंबत होते. जखमा शोधायच्या म्हणून मला विचारणं भाग होतं. "दादा, यातलं आज फाटलेलं कुठलं?"

त्यानं शांतपणे वाकून पाहिलं. एका भोकावर बोट ठेवलं. "हे एक आजचं. बाकीची दुकानातली."

घरी हे सांगितलं तर आमच्या ह्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग आजचं तेवढं शिवून दे म्हणाला असता तर काय केलं असतं मी?"

* * *

आंदर मावळातले एक आबा छातीत दुखतंय म्हणून आले. एसटीत दुखायला लागलं, कंडक्टरनं रिक्षात घालून पाठवलं. सोबत कुणी नाही. ईसीजी काढायचा तर छाती उघडी हवी, म्हणून मी शर्टाची बटणं काढली. आत आणखी एक शर्ट. तो काढला तर आत तिसरा. तिसऱ्याच्या आत चौथा, कोरा करकरीत, कॉलरला अजून दुकानाचा कागद चिकटलेला.

"आबा, थंडी वाजते का?"

"न्हाई."

"मग चार शर्ट?"

"लेकीकडं चाललोय, कामशेतला. ऱ्हानार हाय चार दिस."

"मग पिशवीतून न्यायचे ना."

"पिशवी इसरतो म्या गाडीत," आबा म्हणाले. "अंगावरचं कसं इसरंल?"

नवा शर्ट सगळ्यात आत का, तर वरून धूळ बसते. लेकीच्या दारात पोचल्यावर क्रम उलटा करायचा होता. हे सगळं ते घामानं डबडबलेले असताना सांगत होते आणि मी एकीकडे छातीला इलेक्ट्रोड लावत होते. ईसीजी चांगला नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन लगेच पुण्याला पाठवायचं ठरवलं. आमच्या पुष्पा सिस्टर, कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज, फार व्यवस्थित बाई. त्यांनी चारही शर्टांच्या घड्या घातल्या, पिशवीत भरले, पिशवी आबांच्या पायाशी ठेवली आणि ॲम्ब्युलन्स रवाना केली.

संध्याकाळी ड्रायव्हर परत आला आणि त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. आबांना उतरवून घेतलं, पिशवी गाडीतच राहिली.

आठवड्यानं आबांची लेक पिशवी न्यायला आली. आबा बरे होते. पिशवी घेताना ती म्हणाली, "तितं पुन्यात रोज सगळ्यास्नी सांगत्यात, म्या म्हनतच हुतो म्हनून." पुष्पा सिस्टर तेव्हापासून पिशवी पायाशी ठेवत नाहीत, नातेवाइकाच्या हातात देतात.

* * *

बंगल्यांच्या वस्तीतला एक वॉचमन आला होता. मधमाश्या चावलेल्या. चेहरा इतका सुजलेला की डोळे कुठे आहेत तेही नीट दिसेना. अंगातल्या जाड निळ्या युनिफॉर्ममध्ये अजून माश्या असतील, म्हणून तो आधी उतरवायला हवा होता. त्यानं दोन्ही हातांनी छातीवरचा पट्टा धरून ठेवला.

"ड्यूटीवर हाय ताई. सायबाला इचारल्याबिगर युनिफॉर्म काढायचा न्हाई, असं सांगितलंय."

समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. ओठ सुजल्यामुळे त्याला धड बोलता येत नव्हतं, पण नाही म्हणजे नाही. शेवटी त्याच्याच मोबाइलवरून मुंबईला साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. देवकर डॉक्टरांनी सगळं सांगितलं. किती चावल्यात, काय होऊ शकतं, कपडे काढायला परवानगी हवी आहे वगैरे.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग आत्ता गेटवर कोण आहे?"

देवकर डॉक्टर तसे शांत माणूस. ते म्हणाले, "गेटवर मधमाश्या आहेत," आणि फोन ठेवून दिला.

साहेबांनी परवानगी दिली असं मी वॉचमनला खोटंच सांगितलं. तेव्हा कुठे त्यानं पट्टा सोडला.

* * *

खंडाळ्याला राहणारा एक ट्रक ड्रायव्हर. मानेला हिसका बसलेला. मानेचा एक्स-रे काढायचा तर गळ्यातलं सगळं उतरवायला हवं. गळ्यात एक ताईत, एक देवीचा दोरा, एक दर्ग्यावरचा धागा, रुद्राक्षाची माळ आणि लहानपणापासून असलेलं काहीतरी चांदीचं, जे कशाचं आहे ते त्यालाही माहीत नव्हतं. घाटात गाडी चालवतो म्हटल्यावर सगळीकडून बंदोबस्त करून ठेवला होता.

काढायला त्याची हरकत नव्हती, पण अटी होत्या. जमिनीवर ठेवायचं नाही, टेबलावर नाही, खिशात घालायचं नाही.

"मग ठेवू कुठे?"

"गळ्यातच ठेवायचं असतंय ते."

"तुझ्या गळ्यातून तर काढायचंय ना?"

"मग दुसऱ्या कुनाच्या तरी."

त्याच्यासोबत कुणी नव्हतं. एक्स-रेवाला हाका मारत होता. मी सगळं माझ्या गळ्यात घातलं आणि त्याला आत पाठवलं. पुष्पा सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज तुला काही होत नाही बघ."

तेवढ्यात भाजे गावच्या एक आजी पाय मुरगळला म्हणून सुनेसोबत आल्या. मी त्यांचा पाय धुवायला वाकले तसं माझ्या गळ्यातलं सगळं पुढे लोंबायला लागलं. आजींनी एकेक नीट पाहून घेतलं आणि सुनेला हळूच म्हणाल्या, "हितं बरं वाटंल. सगळीच सोय हाय."

मी हसत मागे सरकले आणि कुणीतरी ढकलत आणलेल्या स्ट्रेचरचं चाक माझ्या पायावरून गेलं. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. मी लंगडत एक्स-रे रूमपाशी गेले, तर ड्रायव्हर बाहेर येत होता. मान एकदम ठीक होती. त्याला म्हटलं, तुझं एवढं सगळं गळ्यात असून हे बघ काय झालं.

त्यानं एकेक उतरवून आपल्या गळ्यात परत घातलं आणि म्हणाला, "ताई, ते माझ्या नावानं बांधलंय. तुमाला कसं लागू पडंल?"

* * *

आता आमच्या ह्यांचा किस्सा. हा मी सांगितलेला त्यांना आवडत नाही.

एका बंगल्यावर लग्न होतं. मित्रांनी नवरदेवाला नाचत खांद्यावर घेतला आणि एका वळणावर सगळ्यांनाच वाटलं की दुसऱ्यानं धरलंय. नवरदेव आले ते डावा हात छातीशी धरून. खांद्याजवळ हाड मोडल्याचं बघताक्षणी कळत होतं. अंगात गळ्यापर्यंत बंद, खड्यांनी मढवलेली शेरवानी. हात जरा हलला की ओरडायचे, त्यामुळे काढणं शक्य नव्हतं. मी कात्री घेतली.

"भाड्याची आहे!" अर्धी वरात एकदम म्हणाली.

मग वाद. मामा म्हणे दुकानात परत द्यायचीय. मुलीकडचे म्हणे फोटो बाकी आहेत. एका काकांनी तर नीट तपासून तोडगा काढला. "मॅडम, कापायचीच असेल तर उजवी बाही कापा. तिला तसाही डाग पडलाय."

मोडलेला हात डावा होता.

देवकर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "नसीम, तुझे मिस्टर दुकानात असतील का?" मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनाही हा वाद संपवायचा होता. मी फोन केला आणि आमचे हे ब्लेड घेऊन, गळ्यात टेप तसाच ठेवून, स्कूटरवर आले.

काम फार सुंदर केलं त्यांनी. मनगटापासून काखेपर्यंत, काखेपासून कॉलरपर्यंत, एकेक टाका उसवत गेले. सवयीनं नवरदेवाला म्हणालेसुद्धा, "श्वास सोडा. आता घ्या." खडा एक इकडचा तिकडे झाला नाही. सगळी वरात कौतुकानं बघत होती. मग त्यांनी बाही अलगद बाजूला केली आणि कातडीखालून वर आलेलं हाड त्यांना दिसलं.

"बसतो जरा," ते म्हणाले, आणि बसले नाहीत, थेट आडवे झाले.

देवकर डॉक्टर नवरदेवाला सोडून ह्यांच्याकडे धावले. मी पाय वर धरले, पुष्पा सिस्टरनी साखरपाणी आणलं. नवरदेव बिचारा टेबलावरून म्हणाला, "मास्तरांना आधी बघा. आमचा मुहूर्त संध्याकाळचा आहे."

खांद्याला पट्टा बांधून झाल्यावर आमच्या ह्यांनी त्याच्यावरून बाही परत शिवून दिली. हाडाकडे न बघता, मान वळवून. जाताना नवरदेवाला बजावलं, "कच्चे टाके घातलेत. आता नाचू नका."

* * *

सगळेच किस्से असे नसतात. एक सांगते, थोडक्यात.

बांधकामावरून पडलेला एक माणूस आणला. वरच्या वाडीतला, तिशीचा असेल. सोबत त्याचा भाऊ. त्या दिवशी शिवण बघायला वेळ नव्हता. शर्ट समोरून सरळ फाडला, दोन्ही बाह्या फाडल्या. सगळ्यांनी हात लावला, देवकर डॉक्टर घामाघूम झाले, पण तो गेला.

भाऊ बाहेर बाकावर बसून होता. रडत नव्हता. सगळे सोपस्कार झाल्यावर मी त्याच्याकडे मोबाइल आणि चपलांची पिशवी दिली. त्यानं पिशवीत पाहिलं. "शर्ट कुटाय?"

मी म्हटलं, फाटलाय भाऊ, कामाचा नाही राहिला. रक्ताचे कपडे आमच्याकडे जाळायच्या पिवळ्या पिशवीत जातात, तसे नियमच आहेत.

तो म्हणाला, "आई इचारंल. अंगावरचं कुटं टाकलंस म्हनून."

पुष्पा सिस्टर नियमाच्या पक्क्या, पण त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. मी शर्ट काढून आणला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला. गुंडाळायच्या आधी त्याची घडी घातली, दुकानात घालतात तशी. बाह्या मागे, कॉलर वर. घडी घातल्यावर तो फाटलाय हे कळत नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, मी हे काम सोडते. ते म्हणाले, सोड. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची ड्यूटी होती, तर गेले.

* * *

आता एवढा एक सांगते.

आंदर मावळातलंच एक जोडपं. बबनभाऊ आणि कमळाबाई, पन्नाशीच्या पुढचे दोघं. मोटरसायकलवरून बाजाराला निघाले होते. रस्त्यात वासरू आडवं आलं आणि दोघंही पडले. भाऊंच्या डोक्याला कानाच्या वर मार होता, पण ते बोलत होते, गाडीला काही झालंय का ते विचारत होते. डॉक्टरांनी त्यांना डोक्याच्या स्कॅनला पाठवलं. कमळामावशींचं डावं मनगट मोडलं होतं आणि बघता बघता सुजत चाललं होतं.

त्या मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, हात भरून. नुकतंच भावकीत लग्न झालं होतं. त्यात कासारानं सगळ्या बायकांना बांगड्या भरल्या होत्या, आणि चांगला कासार बांगडी हाताला घट्टच बसवतो.

देवकर डॉक्टरांनी मावशींच्या बोटांची नखं दाबून पाहिली. "नसीम, या आधी काढ. रक्त अडतंय. बोटं गार पडायला लागलीत."

मी साबण लावला, जेली लावली, हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून पाहिली. मावशींनी पदर दातात धरला, पण एकही बांगडी सूज ओलांडेना. मग मी गॉजची घडी आणि जाड चिमटा घेतला. बांगडीला आमच्याकडे फोडली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. माझ्या सासूबाईसुद्धा तसंच म्हणतात. मी म्हटलं, "मावशी, वाढवायला लागतील."

मावशींनी मोडलेला हात उचलला आणि पदराखाली घेतला. केवढं दुखलं असेल. "न्हाई. त्ये आत गेल्यात. त्यांचं काय त्ये कळू द्या, मग बगू."

आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. पुष्पा सिस्टर म्हणाल्या, "मावशी, काच आहे ती. काचेला काय कळतंय?"

"काचंला न्हाई कळत," मावशी म्हणाल्या. "मला कळतंय."

तेवढ्यात स्कॅन आला. भाऊंच्या डोक्यात आत रक्तस्राव झाला होता. बोलत होते तरी वेळ घालवण्यात अर्थ नव्हता, लगेच पुण्याला नेऊन ऑपरेशन करायला हवं होतं. डॉक्टरांनी हे त्यांच्यामागोमाग आलेल्या पुतण्याला हळू आवाजात सांगितलं. पण आमच्याकडे दोन टेबलांच्या मध्ये फक्त पडदा असतो. मावशींनी सगळं ऐकलं.

"आता तर न्हाईच," त्या म्हणाल्या.

देवकर डॉक्टर त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. सरळच बोलले. "मावशी, असंच राहिलं तर बोटं काळी पडतील. कापायची वेळ येईल."

"कापा. बोटं कापा. बांगडीला हात लावू नका."

त्यांच्या मर्जीविरुद्ध आम्हाला काही करता येत नाही. डॉक्टर उठले, परत बसले. मी चिमटा हातात घेऊन उभी होते. मला मावशींचा राग आला होता, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हात दिला नसता, हेही मला स्वच्छ कळत होतं.

बाहेर ॲम्ब्युलन्स लागली. आमचे वॉर्डबॉय मामा भाऊंचं स्ट्रेचर ढकलत निघाले. पडदा सरकला आणि भाऊंना बायको दिसली.

"थांबा वाईच. हिचं काय झालं?"

मावशींनी मान खाली घातली. मी सांगितलं. हात मोडलाय, बांगड्यांनी रक्त अडलंय, वाढवायला पाहिजेत, आणि मावशी वाढवू देत नाहीत.

भाऊंच्या डोक्याला पांढरी पट्टी होती, हाताला सलाइन होतं. त्यांनी मावशींच्या पदराकडे पाहिलं. "माज्यापायी का?"

मावशींनी पदर आणखी ओढून घेतला.

"आन इकडं," भाऊ म्हणाले. मला कळेना कशाबद्दल. त्यांनी माझ्या हातातल्या चिमट्याकडे बोट केलं. "म्या वाढवतो. म्या हाय ना अजून हितं."

मी देवकर डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी बाहेरच्या ॲम्ब्युलन्सकडे पाहिलं, मावशींच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लवकर."

मामांनी स्ट्रेचर मावशींच्या टेबलाला टेकवलं. मावशींनी पदराखालून हात बाहेर काढला. आपणहून. मी बांगडीभोवती गॉज गुंडाळला, चिमटा लावून दिला, भाऊंची बोटं त्यावर बसवली आणि वरून माझा हात ठेवला. त्यांच्या हातात फारसा जोर नव्हता. पहिली बांगडी कट्कन वाढली.

"लागलं का?"

"न्हाई."

मग दुसरी. मग पुढची. दर बांगडीला ते विचारायचे, लागलं का, आणि मावशी म्हणायच्या, न्हाई. डोळ्यांतून धार लागलेली, पण आवाज सरळ. हिरवे तुकडे खालच्या स्टीलच्या ट्रेमध्ये पडत होते. पुष्पा सिस्टर ट्रे धरून उभ्या होत्या. शेवटची निघाली तेव्हा डॉक्टरांनी नखं दाबून पाहिली. सावकाश सावकाश रंग आला.

"चला," डॉक्टर म्हणाले.

मामा स्ट्रेचर ढकलायला लागले. मावशी टेबलावरून उतरल्या, मोडका हात पदराच्या झोळीत ठेवून स्ट्रेचरच्या बाजूनं चालायला लागल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं, पण नाही थांबवलं. मागून सलाइनची बाटली धरून मी चालत राहिले.

"वाढवल्या तुमी," मावशी म्हणाल्या. "आता भरायच्या बी तुमीच."

"भरीन की," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे मिटत होते. "माप काय तुजं?"

"येवडी वर्सं झाली, माप ठावं न्हाई?"

"कासार भरतो. म्या कवा बगितलंय?"

स्ट्रेचर ॲम्ब्युलन्सच्या दाराशी पोचलं. पुतण्या आधीच आत चढला होता. मामांनी आणि ड्रायव्हरनं दोन्हीकडून उचललं.

मावशींनी उजव्या हातानं स्ट्रेचरची दांडी धरली होती, ती सोडली.

"मंग मला संगं घेऊन जावं लागंल कासाराकडं," त्या म्हणाल्या.

"जाऊ," आतून भाऊ म्हणाले, आणि मामांनी दार लावलं.